चुलीवर टांगलेली चाके

सोमवार, २ नोव्हेंबर १८८५

आज मृतांचा दिवस. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर इनासच्या कबरीवर मेणबत्ती लावली. माती अजून खचते आहे. पावसात पुरलेल्यांची खचतेच, असे कबरी खणणारा म्हणाला.

पास्कूभावोजी कल्याणहून सकाळच्या गाडीने ठाण्याला आले होते. ते इनासचे थोरले भाऊ, माझे दीर. कल्याण स्टेशनात मालाच्या कचेरीत आहेत. कॉफी घेऊन झाल्यावर सगळे घर एकदा फिरून पाहिले आणि म्हणाले, "फिलू, आता तू इथं एकटी राहायचं कारण काय? घर भाड्यानं देऊ. आमच्याकडे चल. मागची खोली तुझी."

मी म्हणाले, "बरं."

मग ते मागे गाडीखान्यात गेले. ताडपत्री उचलली तशी आतून कोंबडी ओरडत निघाली. "हे अजून आहे?" ते म्हणाले.

हे म्हणजे शिग्राम. एका घोड्याची, चार चाकांची, बंद डब्याची गाडी. मीठ खात्यातला एक साहेब विलायतेला जाताना ती इनासला देऊन गेला. इनासचा धंदाच गाड्या दुरुस्त करण्याचा. लोकांच्या गाड्या चालू होऊन जात, ही मात्र सात वर्षे पडून आहे. आधी दोन वर्षे त्याने तिच्यावर रोज काम केले आणि १८७८ च्या मे महिन्यात एके दिवशी अचानक सोडले. का सोडले ते मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. आमचे तसेच होते.

"जळणासाठी कोणी नेतं का बघतो," भावोजी म्हणाले.

"मी पुरी करते ती."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. भावोजी हसले नाहीत. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "ठीक. ईस्टरला मला आत बसवून ही गाडी तळ्याला फेरी मारून आली, तर घराचं तू म्हणशील तसं. नाही आली, तर गाडीखाना मोडायचा आणि तू कल्याणला. कबूल?"

मी कबूल म्हटले. का म्हटले कोण जाणे. कल्याणची खोली चांगली आहे. तिला खिडकीही आहे.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

गुणाजी सुतार कळव्याहून आला. साठीचा असेल. बैलगाड्या करतो आणि इनासकडेही पडेल ते काम करी. आल्या आल्या कोंबडीची तीन अंडी बाहेर काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "घे बाय. पयली मजुरी गाडीनंच दिली."

दिवसभर बैठक आणि दारे उतरवली. इनासचे काम मी जवळून असे कधी पाहिलेच नव्हते. मी शाळेत शिकवून घरी येईपर्यंत तो हात धुऊन बसलेला असायचा. बैठकीच्या खालच्या फळीलाही त्याने रंधा मारला आहे. स्क्रूच्या सगळ्या खाचा एका दिशेला आहेत, चाळीसच्या चाळीस. मी मोजल्या.

"खुळा होता तुजा मानूस," गुणाजी म्हणाला. "बैठकीच्या खाली कोन बघनार? उंदीर?" मग त्याच फळीवरून तळहात फिरवत बराच वेळ बसला.

एक चूक मात्र सापडली. दाराखालची पायरी मूळ जागेपेक्षा चार बोटे खाली आहे. जुनी भोके बुजवून नवी पाडली आहेत. इनास मापात चुकत नसे. इथे कसा चुकला कळत नाही. मी म्हटले, पूर्वीच्या जागी बसवू. गुणाजीने माझ्या डाव्या पायाकडे पाहिले. माझा तो पाय लहानपणच्या तापापासून आखूड आहे. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. चुकली तं चुकली."

रविवार, २२ नोव्हेंबर

चाकांचे आरे हाताने हलतात. चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, जिला हे लोक धाव म्हणतात, ती दोन चाकांवर नाहीच आणि दोन चाकांवर सैल आहे. मी मिस्साला गेले असताना गुणाजीने चारही चाके खाडीत नेऊन टाकली. बैलगाडीच्या चाकांना सगळे असेच करतात. लाकूड फुगते आणि सांधे घट्ट होतात. "तळ्यात टाकलं आसतं, पन तिकडं शिपाय वरडतो," म्हणाला.

गुरुवार, ३ डिसेंबर

चाके आणली. एकही आरा हलत नाही. अगदी नव्यासारखी. गुणाजी खुशीत होता. काळुराम लोहाराला बोलावून आठवड्यात धावा चढवू, म्हणाला. मीही खूश होते. मग तो जेवताना सहज बोलून गेला, "आता टेंभी नाक्यावर जत्रा नाय व्हायाची, बाय."

मी विचारले, कसली जत्रा?

त्याचा घास हातातच राहिला. "तुला ठाऊक नाय?"

१८७८ च्या मे महिन्यातली गोष्ट. इनासने गाडीला घोडा जोडला आणि कोणाला न सांगता पहाटे बाहेर काढली. टेंभी नाक्यावर उजव्या चाकाची धाव सुटली. "सुटली ती गाडीच्या म्होरं पळाली, बाय! गाडी ऱ्हायली मागं, धाव चालली म्होरं, थेट कुंभाराच्या मडक्यांत. कुंभार वरडतोय, इनास धावंच्या मागं पळतोय, आन बिनधावेचं चाक इकडं पाकळ्या सुटाव्या तसं बसलं." लोक वर्षभर त्याला पाहिले की "धाव धरा रे" म्हणत.

सगळ्या ठाण्याला ठाऊक होते. मला नव्हते. मी शाळेतून जायचे तेव्हा लोक गप्प होत असत. मला वाटे, मी मास्तरीण आहे म्हणून.

शुक्रवार, ४ डिसेंबर

तांदूळ निवडताना कुंभार आठवला आणि हसू आले. ऑगस्टात इनास गेला, त्यानंतर पहिल्यांदाच. मग रडले. मग तांदूळ पुन्हा निवडावे लागले.

मंगळवार, ८ डिसेंबर

आज गुणाजीशी वाद झाला. मी कोणाशी वाद घालत नाही, त्यामुळे नीट जमला नाही.

मी विचारले, टेंभी नाक्याच्या त्या वेळीही चाके भिजवली होतीस का? म्हणाला, होय, पाऊस संपता संपता, तळ्यात, आणि तशीच ओली असताना काळुरामकडून धावा चढवल्या. मी म्हटले, "गुणाजी, आमची स्वयंपाकघराची खिडकी पावसात उघडत नाही आणि चैत्रात वाऱ्यानं आपोआप उघडते. लाकूड फुगलेलं असताना त्याच्या मापाची धाव केली, तर लाकूड आटल्यावर ती सैल होणारच. चाक आधी पूर्ण वाळवायला हवं. सगळ्यांत बारीक होईल तेव्हा धाव. मग पावसाळ्यात ते फुगून आणखी घट्टच बसेल."

"माज्या बापानं जल्मभर चाकं भिजवली."

"बैलगाडीला रोज ओढ्यातून नेतात. ही ओढ्यातून जायची नाही."

"मंग खिडकीलाच इचार पुढचं काम," म्हणाला आणि करवत घेऊन गेला.

इनास असता तर त्याला हे पहिल्याच दिवशी सुचले असते. मला सुचायला महिना लागला.

गुरुवार, १० डिसेंबर

चाके स्वयंपाकघरात चुलीवरच्या वाशांना टांगली. शेजारची शेवंती आणि तिचा नवरा मदतीला आले. तो मिठागरावर आहे, त्याच्याकडून मिठाच्या गोण्या तोलायचा काटा मागून घेतला. मोठे चाक एक मण बत्तीस शेर भरले. दर गुरुवारी तोलायचे ठरवले आहे. पाणी गेले की वजन जाईल, आणि वजन जायचे थांबले की चाक वाळले. दुसरी कोणती युक्ती मला ठाऊक नाही.

शेवंती वर बघत म्हणाली, "लोकांच्या चुलीवर बोंबील, आमच्या बाईच्या चुलीवर शिग्राम!"

शुक्रवार, २५ डिसेंबर

नाताळ. कल्याणचे आमंत्रण होते. गेले नाही. विस्तव सोडून जाता येत नाही.

गुरुवार, ७ जानेवारी १८८६

काही तरी चुकते आहे. पहिल्या दोन आठवड्यांत तीन शेर उतरले आणि मग थांबले. मला वाटले वाळले. पण आज सकाळी धुके होते आणि चाक अर्धा शेर वाढलेले. हात लावला तर दमट. तीन वेळा तोलले.

मी पाटावर बसून राहिले. शेवंती काटा परत न्यायला आली होती. तिने चाकाला बोट लावले आणि ते चाटले.

"बाई, ह्ये मीठ प्यालंय. खाडीत टाकलंवतं ना? आमच्या घरात गोणीखालची फळी बघा, बापजन्मी वाळत नाय. मीठ हवेतनं पाणी वढतं."

एवढी वर्षे मी मिठागराच्या गावात राहते आणि दर पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटलेले पाहते. तरी डोक्यात आले नाही. आता मीठ काढायला चाके पुन्हा गोड्या पाण्यात बुडवावी लागतील आणि पुन्हा पहिल्यापासून वाळवावी लागतील. ईस्टर पंचवीस एप्रिलला आहे. या वर्षी फार उशिरा आहे, हेच एक बरे.

भावोजींना पत्र लिहायला घेतले होते, की माझ्याने होत नाही. दोन ओळी लिहून ठेवून दिले.

शनिवार, ९ जानेवारी

शाळेतून आले तर गुणाजी विहिरीपाशी. त्याने चाके खाली काढली होती आणि शेवंतीच्या नवऱ्याकडची जुनी होडी अंगणात आणून त्यात विहिरीचे पाणी भरत होता.

"शेवंतीनं सांगितलं," म्हणाला. मग घागर ओतता ओतता, "खाडीत मीच टाकली व्हती."

मी म्हटले, "मला आवडली होती ती तेव्हा."

"आवडायचीच. फुगलेलं समदंच बरं दिसतं."

तीन आठवडे रोज पाणी बदलायचे ठरले. सगळे पाणी तोच काढतो. मला रहाटाला हात लावू देत नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

चाके पुन्हा चुलीवर. आजचे वजन एक मण तेहतीस शेर. गुणाजी डब्याचे काम करतो आहे. दाराची एक चौकट कुजली होती. नवी करताना त्याने मला जोड दाखवला. दोन लाकडांमध्ये केसही जाणार नाही. आणि याने आयुष्यभर बैलगाड्या केल्या! मी तसे म्हटले तर म्हणाला, "बैलांनी कवा बगितलं नाय म्हनून काय, येत तं व्हतं."

बुधवार, १० मार्च

राखेचा बुधवार. पाद्रीबाबा कपाळाला राख लावताना क्षणभर थांबले. घरी आरशात पाहिले तेव्हा कळले, चुलीची काजळी माझ्या कपाळावर आधीच होती.

उद्या गुरुवार. गेल्या खेपेला वजन एक मण अठ्ठावीस होते. धुक्यात वाढत नाही आता. मीठ गेले.

रविवार, २८ मार्च

भावोजी भाडेकऱ्याला घेऊन आले. नुसते घर दाखवायला, म्हणाले. भाडेकरू स्वयंपाकघरात आला आणि वर पाहून दोन पावले मागे सरला.

"फिलू, हे काय?" भावोजी म्हणाले. मी सगळे सांगितले. काट्याचेही सांगितले. त्यांनी मालाच्या कचेरीत जन्म काढला आहे, त्यामुळे वजनाचे त्यांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, "मग आता किती उरलंय?"

"गुरुवारी तोललं तेव्हा एक मण साडेपंचवीस. आठवड्याला अर्धा शेर जातं अजून."

"अर्धा शेर! अगं, अर्ध्या शेरासाठी थांबतेस? काळुराम मोकळा आहे, आज धावा चढव. पुढं ईस्टरच्या आधी पवित्र आठवड्यात कोणी कामाला हात लावायचं नाही. उगाच हातची वेळ घालवशील."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गुणाजी दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने खिडकीकडे बोट केले. खिडकी वाऱ्याने उघडझाप करत होती.

"वजन थांबेपर्यंत नाही," मी म्हटले.

भाडेकऱ्याने बाहेर जाताना विचारले, ही बाई काय करते? गुणाजी म्हणाला, "गाड्या." मी त्याला नंतर सांगितले की असे खोटे बोलू नये. मी मुलींना शिवण शिकवते.

गुरुवार, १५ एप्रिल

एक मण पंचवीस. गेल्या गुरुवारी तेच, त्याआधीच्या गुरुवारी तेच. काळुरामला निरोप पाठवला.

शनिवार, १७ एप्रिल

धावा चढल्या. जसे झाले तसे लिहून ठेवते.

काळुरामने दोरीने चाकाचा घेर मापला आणि म्हणाला, धाव दोन बोटे कमी घेतो, नेहमी घेतो तशी. मी म्हटले, एकच बोट. ओल्या लाकडाला दोन बोटे, ते दबते. हे दबायचे नाही, फुटेल.

काळुराम गुणाजीकडे बघून म्हणाला, "कोनाचं ऐकायचं?"

"मी खिडकीचं ऐकतो," गुणाजी म्हणाला. "तू बायचं ऐक."

गल्लीत गोवऱ्यांचे कडे करून त्यात धाव ठेवली. ती लाल झाली तेव्हा चार जणांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली. लाकडाने पेट घेतला. काळुराम घणाने ठोकत फिरला, मी आणि शेवंती मागोमाग घागरी ओतत होतो. वाफेत कोणी दिसेना. आणि मग आवाज आला. आरे एकामागून एक आपापल्या जागी बसत होते, कट, कट, कट. मी बारा मोजले. एकही लाकूड फुटले नाही.

चौथ्या चाकापर्यंत दुपार झाली. काळुरामने चाक उचलून दगडावर आपटले. घंटेसारखे वाजले. तो त्याच्याकडे बघत राहिला. "अशी चाकं मी कंदी केली नवती," म्हणाला.

इनासच्या गाडीला तशीच चाके हवी होती.

सोमवार, २६ एप्रिल

काल ईस्टर. आज भावोजी आले. डब्याला एकच हात रंग झाला आहे आणि डाव्या दाराला काच नाही, तिथे मी मेणकापड शिवले आहे. भावोजींनी चारही बाजूंनी पाहिले. महिपत टांगेवाल्याने घोडा दिला आणि स्वतःच हाकायला बसला. भावोजी आणि मी आत, गुणाजी मागे फळीवर उभा.

टेंभी नाक्यावर बातमी आधीच पोचली होती. पंचवीस-तीस माणसे तरी होती. कोणी तरी ओरडले, "धाव धरा रे!" आणि सगळे हसले. कुंभार अजून त्याच जागी बसतो. तो उठला आणि पुढची मडकी मागे ठेवू लागला. भावोजींनी दाराची कडी घट्ट धरली. मी चाकाचा आवाज ऐकत होते. खडीवरून धाव सैल असली की खुळखुळते. ही खुळखुळत नव्हती. सलग एक आवाज होता. नाका मागे गेला, हसणे केव्हा थांबले ते मला कळले नाही. गुणाजी म्हणाला, कुंभाराने हात जोडले.

तळ्याला फेरी झाली. देवळाकडून चढ आहे तिथे भावोजींनी कडी सोडली आणि बाहेर डोके काढून चाकाकडे बघत राहिले.

घरी उतरल्यावर ते गाडीखान्यात उभे राहिले. "शब्द दिलाय मी," म्हणाले. "तू म्हणशील तसं. पण फिलू, इनास नाही, तू एकटी. मी बायकोला काय सांगू? दिवसभर तू इथं करणार काय?"

भावोजी चाकाभोवती फिरले, वाकून धावेवर नख मारून पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या दमणी गाडीचं एक चाक खुळखुळतं. बैल बुजतो. दोन सुतारांनी भिजवून दिलं, पुन्हा तेच."

"भिजवू नका," मी म्हटले. "पाठवून द्या."

"किती दिवस लागतील?"

"आता पाठवलं तरी पावसाच्या आत वाळायचं नाही. पावसात धाव चढवत नाहीत. दिवाळीनंतर टांगायचं. पुढच्या चैत्रात धाव."

भावोजींनी बोटांवर महिने मोजले. मोजता मोजता थांबले. "म्हणजे पुढच्या ईस्टरपर्यंत तू इथंच."

"चाक इथंच वाळणार ना, भावोजी. कल्याणची चूल मला ठाऊक नाही."

गुणाजी खोकला. भावोजी हसले. इनास हसायचा तसेच, तोंड न उघडता. संध्याकाळच्या गाडीने गेले. शनिवारी मालगाडीच्या गार्डाबरोबर चाक पाठवतो म्हणाले.

ते कोणत्या लाकडाचे आहे हे विचारायचे राहिले. बाभळीचे असले तर बरे.